तारीख दिली नाही तर

"चूक त्याची नाही. मीच नीट लिहिलं नव्हतं," चाफेकर सर स्क्रीनकडे बघत इतक्या मायेनं म्हणाले, की मला वाटलं, आता एआय एजंटला मांडीवर घेऊन थोपटतात की काय!

सरांनी बनवलेलं 'सफाई' हे टूल जुन्या नोंदी पुसतं. कुठल्या तारखेपर्यंतच्या, ते सांगितलं नाही तर सगळ्याच पुसतं. आज चाचणीत एजंटनं ते चालवताना तारीख दिली नाही आणि सगळं साफ झालं. सर लगेच टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरायच्या सूचना, नव्यानं लिहायला बसले. तारीख कशी द्यायची, नाही दिली तर काय होईल, शंका आली तर कुणाला विचारायचं, सगळं उदाहरणांसकट. आणि वर, "त्या बिचाऱ्याला आपल्या मनातलं कसं कळणार?"

चार वर्षांपूर्वी मी नवीन होते, तेव्हा त्या सूचनांत एकच ओळ होती: 'नोंदी साफ करणे.' शंका विचारायला गेले, तर म्हणाले, "इंजिनिअर ना तू? डोकं वापर." मी तारीख न देताच टूल चालवलं, ग्राहकाच्या सगळ्या नोंदी उडाल्या आणि सरांच्या सहीचा मेमो मला मिळाला. कारण, माझा निष्काळजीपणा. बढती गेली ती गेलीच.

"वाच जरा. कुणालाही कळेल असं झालंय ना?" सरांनी विचारलं.

"फारच छान, सर." मी ड्रॉवरमधला तो मेमो काढून त्यांच्या कीबोर्डवर ठेवला. "आता मघाचं ते 'मीच नीट लिहिलं नव्हतं' यावर लिहा आणि खाली सही करा. तारीख टाकायला विसरू नका."