तुऱ्यांचं गवत

रविवार उजाडला की निवृत्त पोस्टमास्तर गुळगुळीत दाढी करून, दोन कप चहाचं आधण ठेवून बसायचे. त्यांच्या दारावर थाप पडायची ती आठवड्यातून एकदाच, आणि तीही तक्रारीची.

"काका, तुमचं ते तुऱ्यांचं गवत परत माझ्या गुलाबांत घुसलंय!" शेजारीण खुरपं घेऊन दारात उभी.

"कमाल आहे! फारच चिवट आहे हे गवत," म्हणत तेही आपलं खुरपं उचलायचे. मग दोघं कुंपणाशी उकिडवी बसून तासभर मुळं उपसायची. ती आधी गवताला शिव्या घालायची, मग नवऱ्याला, मग ऑफिसातल्या साहेबाला. चहा पिऊन, हलकी होऊन घरी जायची.

या रविवारी मात्र ती हसतच आली. "काका, सुटलात एकदाचे! उद्या गवंडी येतोय. कुंपणाखाली दोन फूट खोल काँक्रीट घालून घेते. मग बघू, गवताची काय बिशाद आहे ते. तुम्हालाही माझी कटकट नको."

"बरं झालं की," पोस्टमास्तर म्हणाले.

ती चहालाही थांबली नाही. आधण उकळून उकळून आटलं.

दुपारी त्यांनी गवताचा चांगला जाडजूड गड्डा मुळांसकट खणून काढला. बागेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तिथल्या कुंपणाला अगदी खेटून लावला आणि बादलीभर पाणी घातलं. पलीकडच्या घरात आदल्याच दिवशी नवं बिऱ्हाड आलं होतं.