डावा हात

वेन्लाची तलवार तापानीच्या शिरस्त्राणावर खणकन आदळली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. तापानीचा डावा हात काही वर गेला नाही.

"बास!" राइली ओरडली. "तापानी, डोक्यात बसलीय. आता काय चर्चची घंटा आणून वाजवू?"

ओउलू शहरातल्या या शाळेच्या व्यायामशाळेत शनिवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींना ना कुठलं घराणं, ना पोथी. बोथट तलवारी, जाळीची शिरस्त्राणं, जाड जाकिटं, आणि समोरच्यावर जो चालतो तो डाव खरा. शिकवायला राइली होती, पण पंच कुणीच नाही. नियम एकच. ज्याला लागलं त्यानं आपणहून डावा हात वर करायचा. जो करत नाही त्याच्याशी कुणी खेळत नाही, मग तो कितीही मोठा तलवारबहाद्दर असो.

तापानी लबाड नव्हता हो. त्याला खरंच कळत नव्हतं. बायकोला, इलोनाला, पुरून आल्यापासून त्याच्या अंगाला काही लागेनासंच झालं होतं. सॉनातली वाफसुद्धा भाजायची नाही. डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हा लोकांनी 'घट्ट मनाचा गडी' म्हणून पाठ थोपटली. ती थापही त्याला जाणवली नसावी. इथे येणं तेवढं उरलं होतं. हेही सुटलं तर मग घर, आणि घरात कुणी नाही.

राइली जवळ आली. "ही शेवटची फेरी. आज हात वर गेला नाही, तर तलवार ठेव आणि पुन्हा येऊ नकोस. मला वाईट वाटतंय रे, पण कुणी तुझ्याशी खेळायला तयार नाही."

"बरं," तापानी म्हणाला. त्याला वाईटही वाटलं नाही.

वेन्ला समोर उभी राहिली. इलोनाही इथे खेळायची; वेन्लाला तलवार धरायला तिनंच शिकवलं होतं, आणि शिकवता शिकवता स्वतःची खोडही देऊन टाकली होती. वार करण्याआधी तलवारीचं टोक इवलंसं डावीकडे कलायचं. खेळून परतताना घरी पोचेपर्यंत तापानी इलोनाला चिडवायचा, "बाई गं, आधी सांगतेस आणि मग मारतेस!"

"मग अडव की!" ती म्हणायची, आणि तरीही मारायचीच.

दोघं एकमेकांभोवती फिरले. वेन्लाच्या तलवारीचं टोक इवलंसं डावीकडे कललं.

तापानी जागच्या जागी थिजला. त्यानं तलवार उचललीच नाही. ते बघून वेन्लानं वार अर्ध्यावर आवरला. पातं त्याच्यापासून हातभर लांब थांबलं.

तापानीचा डावा हात मुठीवरून सुटला आणि सावकाश वर गेला.

"अरे, मी मारलंच नाही!" वेन्ला गोंधळली. "राइली, सांग ना त्याला, तलवार पोचलीच नाही!"

तापानीचा हात वरच होता. जाळीआड तो हुंदके देऊन रडत होता.

राइलीनं वेन्लाची तलवार हलकेच खाली केली. "आपल्यात पंच नाही, बाळा," ती म्हणाली. "ज्याला लागलं, त्यानंच सांगायचं."