बलूनमधली हवा

आठवड्यातल्या पाचव्या शिबिराला अंबादासनं तपासणीची बस सोलापूरच्या एमआयडीसीत उतारावर लावली. बस कलली की छातीतली गाठ शोधणारं यंत्र चालत नसे, म्हणून बसच्या टाकीतली हवा डाव्या चाकांवरच्या रबरी बलूनमध्ये भरून, ती बाजू उचलून त्यानं ती सरळ केली. पण बलून गळका होता; दर अर्ध्या तासाला पुन्हा हवा भरावी लागे. चार वाजता डॉक्टरबाई म्हणाल्या, "बास आता, बाकीचं पुढच्या महिन्यात." रांगेत एकटी गोदावरी उरली होती, त्याची बायको. दोन वर्षं टाळाटाळ करून ती आज टॉवेलच्या कारखान्यातून आली होती. "ही पुन्हा यायची न्हाय, मॅडम. तेवढी हिची करा की," म्हणत अंबादास हवेच्या बटणावर बोट दाबून बसला. गोदावरी बाहेर आली. "गाठ हाय. लहान हाय, वेळेत आलीस म्हणाल्या." त्याचं बोट अजून बटणावरच होतं. "लई दमलाय तुमी," ती म्हणाली.