आप्पाजींचा आवाज

ऑपरेशनच्या टेबलावर आप्पाजी स्वतःच चढून बसले आणि म्हणाले, "खिडकी स्वल्प उघडी ठेवा, डॉक्टर अक्का."

"थिएटरची खिडकी उघडत नाहीत, आप्पाजी."

"मग बाहेर ऐकू जायला मला ओरडावं लागंल की!"

डॉक्टर वासंतीला हसू आलं नाही. शहराच्या कडेच्या के. आर. पुरम वस्तीतला हा दवाखाना तिनं आप्पाजींच्याच पडवीत सुरू केला होता. पुढं वस्तीनं विटा वाहिल्या, स्लॅब पडला, खाटा आल्या आणि यंदा गणपतीनंतर ऑपरेशन थिएटरही तयार झालं. पण तापाला, बाळंतपणाला हक्कानं येणारी माणसं कापायचं नाव काढलं की शहराची बस धरत. थिएटरचं कुलूप काही निघेना. आप्पाजींचा जांघेतला हर्निया दुखायला लागला, तेव्हा मुलानं मोठ्या हॉस्पिटलात खोली ठरवली. म्हातारा अडून बसला. "मीच तिकडं गेलो, तर इथं कोण पाय ठेवील?"

म्हणून आज फाटकापाशी सगळी वस्ती जमली होती. वासंतीनं असली ऑपरेशनं पुष्कळ केली होती. पण तेव्हा पाठीशी कुणी ना कुणी मोठा सर्जन असे. आज पाठीशी भिंत होती, आणि पुढ्यात तिला पडवी देणारा माणूस. हात तिनं नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धुतले.

मल्लेश्वरमहून आलेल्या भूलतज्ज्ञ शेषगिरींनी आप्पाजींच्या पाठीत सुई दिली. कमरेखालचं अंग बधिर झालं, पण आप्पाजी टक्क जागे. पडद्याआडून त्यांनी शेजारणीला खणखणीत हाक दिली, "यल्लव्वा! हैस का बाहेर? अजून जिता हाय गं मी!"

बाहेर हशा पिकला.

मग ते बोलतच राहिले. निपाणीचा तंबाखू, रेल्वेतली नोकरी, सुनेच्या हातचं पिठलं. कापलेलंही त्यांना कळलं नाही. त्या बडबडीच्या सोबतीनं वासंतीचा हातही सैल झाला, नेहमीसारखा चालू लागला.

आणि मध्येच आवाज थांबला. बाहेरचा गलकाही थांबला.

वासंतीचा हात जागच्या जागी थिजला. "सर?"

शेषगिरींनी वाकून पाहिलं. नाडीवर बोटं ठेवली. "घोरतायत," ते हळूच म्हणाले. "चालू द्या तुमचं."

तिनं श्वास सोडला आणि पुढचा टाका घातला.

काम आटोपून ती बाहेर आली, तेव्हा माणसं फाटकाशीच खिळली होती. शेवटी शेजारची यल्लव्वाच पुढं झाली. "आवाज का बंद पडला, अक्का?"

"झोप लागली त्यांना. बरे आहेत."

"कापताना झोप?"

"हो, कापताना."

यल्लव्वा मागं वळली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर तिचा नवरा शिवाप्पा जांघेवर हात दाबून बसला होता.

"ऐकलासा काय?" ती म्हणाली.

शिवाप्पा उठला, जांघेवरचा हात न काढता सावकाश पायऱ्या चढला आणि दवाखान्याच्या दाराशी त्यानं चपला काढल्या.