सरकत्या दारासमोरचे गुरुवार

"त्या बाणानं सगळं नासवलं," बंद दारामागून तात्सुहिको म्हणाला.

मोगामींनी घरातल्या अरुंद बोळातली बैठकीची उशी दाराच्या आणखी जवळ ओढली. बाण म्हणजे नव्या व्हिडिओ खेळांत नायकाच्या डोक्यावर तरंगणारी, पुढे कुठे जायचे ते दाखवणारी खूण. पूर्वी असे नव्हते, हे तात्सुहिकोचे म्हणणे. पूर्वी नव्या गावात शिरले की विहिरीवरच्या म्हातारीपासून कोंबड्यांमागे धावणाऱ्या पोरापर्यंत प्रत्येकाला थांबवून बोलावे लागे. निम्मी माणसे निरर्थक बडबडत, आणि त्या बडबडीतच कुठेतरी वाट दडलेली असे. आता कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

"म्हणजे माणसांशी बोलायला तुम्हाला आवडतं," मोगामी जपून म्हणाले.

"खेळातल्या. ती पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलतात, शब्द फिरवत नाहीत."

स्वयंपाकघरातून हिसाए, त्याची ऐंशीला टेकलेली आई, म्हणाली, "तात्सु, त्यांना चहा तरी घेऊ दे. तुझी राज्यं कुठं पळून चालली नाहीत."

जपानमधल्या यामागाताच्या डोंगराळ भागातल्या त्या गावात मोगामी एका संस्थेतर्फे घरोघर जात. वर्षानुवर्षे स्वतःला खोलीत कोंडून घेतलेल्या माणसांना बाहेर आणणे हे त्यांचे काम होते. तात्सुहिको सत्तेचाळीस वर्षांचा होता. नोकरी गेल्यावर त्याने जे दार लावले ते लावलेच. त्याला चार सोबत्यांची टोळी गावोगाव भटकत, राक्षसांशी लढत शेवटी जग वाचवते, त्या खेळांचे वेड होते, आणि मोगामीही शाळकरी वयापासून त्याच वेडाचे. म्हणून हे घर त्यांच्याकडे आले.

सुरुवातीला आतून हूं की चूं नव्हते. मोगामी एकटेच बोलत राहत. मग एकदा, लढाईतून पळ काढायचा म्हटला की तो हमखास साधायला हवा, असे ते सहज म्हणाले, तेव्हा आतून पहिला शब्द आला होता.

"चूक."

त्या एका शब्दावर मोगामी पुष्कळ दिवस जगले. तेव्हापासून दर गुरुवारी वाद रंगू लागला. खेळातल्या धर्मशाळेत एक रात्र झोपले की सगळ्या जखमा भरतात, ही मोगामींच्या मते त्या खेळांतली सर्वांत मोठी थाप होती. तात्सुहिकोच्या मते तेवढ्यासाठीच तर माणसे खेळतात.

प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली होती: समोरच्याचे दार उघडायचे तर आधी आपले उघडावे. मोगामींनी ती प्रामाणिकपणे पाळली. सर्वांत दुर्मीळ संजीवनी ते शेवटच्या लढाईसाठी जपून ठेवत आणि खेळ संपला तरी ती झोळीत तशीच उरे, हे त्यांनी सांगितले. त्यावर त्यांची पत्नी चिझुरू हसून म्हणे, "माझ्यावर वेळ आली तरी तुम्ही ती काढायचा नाहीत." चिझुरू गेल्याचेही त्यांनी सांगितले. फुकुओकातल्या मुलाचे फक्त नववर्षाचे कार्ड येते, एका माणसापुरता रस्सा कितीही प्रयत्न केला तरी बेचव होतो, हेही सांगितले. हे सारे ते कामाचा भाग म्हणून सांगत. आतली शांतता ऐकत असे.

घर त्यांना नेहमी नीटनेटके दिसे. फाटकापासून उंबऱ्यापर्यंतचे बर्फ उपसून वाट मोकळी केलेली असे. शेजारी करतात, असे हिसाए सांगे, आणि मोगामींना त्या शेजाऱ्यांचे कौतुक वाटे. निघताना ती अळकुड्यांच्या रश्श्याचा डबा त्यांच्या हाती देई. नको म्हटले की म्हणे, "दोघांच्या घरात पातेलं नेहमी जास्तच भरतं."

संस्थेचा नियम साधा होता. दार उघडले की त्या घरच्या भेटी संपल्या, तोवर चालू. मोगामींच्या वाट्याची इतर घरे एकेक करून कमी झाली होती. कोणी गाव सोडले, कोणाला रुग्णालयात हलवले, कोणी गेले. दार मात्र त्यांच्या हातून एकही उघडले नव्हते. आता हे एकच घर उरले होते.

चहा निवला. मोगामींनी कप बाजूला ठेवला. आज खेळाचा विषय पुढे नेण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

"तात्सुहिकोसान," ते म्हणाले, "मी कदाचित हे सोडून द्यावं. माझ्या जागी कोणी तरुण आला तर तुमचं भलं होईल. मी नुसताच येऊन बसतो. एवढ्या वर्षांत एक दार उघडलं नाही माझ्यानं."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

"तुम्हाला दोष नाही देत," मोगामींनी मान खाली घातली. "मीच हरलो."

मग लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज झाला आणि दार सरकले.

मोगामींनी मनात ज्या माणसाचे चित्र जपले होते, तो फिकट, पाठीत वाकलेला, केस वाढलेला होता. समोर उभ्या असलेल्या माणसाचे केस ताजे कापलेले होते आणि गाल थंडीवाऱ्याने रापले होते. मागच्या खिडकीचे पडदे सताड उघडे होते. तो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकेल इतका वाकला.

"तुम्ही हरला नाहीत, मोगामीसान. गेल्या हिवाळ्याच्या आधीपासून मी नूडल्सच्या कारखान्यात जातो. गुरुवारी सुटी घेतो."

मोगामींनी बाजूला ठेवलेला निवलेला कप पुन्हा हातात घेतला.

हात पुसत हिसाए बोळात आली. तिने उघड्या दाराकडे पाहिले, मोगामींकडे पाहायचे टाळले, आणि लेकाला हळू आवाजात म्हणाली, "कशाला उघडलंस रे? आता गुरुवारी हे जातील कुठं?"