चिकटपट्टीचा जोड

विश्रामबागेतल्या दवाखान्यात मिलिंद जालिंदरच्या खाटेशी बसला होता. डोक्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले तरी जालिंदरनं कुणाला ओळखलं नव्हतं, बायकोला, अंजनालाही नाही. कराडला कॉलेजात असताना दोघांनी पंक रॉकची एक कॅसेट ऐकून ऐकून झिजवली होती. एकदा टेप गुंतली, तेव्हा जालिंदरनं चुरगळलेला तुकडा कापून टोकं चिकटपट्टीनं जोडली. त्यात तिसऱ्या गाण्याची एक ओळ कायमची गेली. ती कॅसेट आज मिलिंदच्या मुठीत होती, पण वाजवणार कशावर? त्यानं मोबाईलवर तेच गाणं लावलं. ड्रम धडधडले. जालिंदर छताकडे बघत राहिला. मिलिंदनं दाराकडे पाहिलं. ह्यानंही गडी हलला नाही, तर बाहेर अंजनावहिनीला काय सांगायचं? कापलेली ओळ मोबाईलवर मात्र पुरी वाजली. जालिंदरच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ह्ये आपलं न्हाई, मिल्या. एक ओळ जादा हाय.”