देऊ केलेलं प्यादं

"राजापुढचं प्यादं, दोन घरं," फोनमधून थोरला म्हणाला.

"माझंही तेच," धाकटा म्हणाला, आणि त्याने आपल्या पटावरची दोन्ही प्यादी सरकवली.

सकाळचे दहा वाजले होते. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या, वापरातली एकच. तिच्यावर धाकटा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. फोनवर शर्ट दिसत नाही हे त्याला कळत होतं. पण दिवसभरात बोलायला मिळणारं माणूस हे एवढंच, त्याच्यासमोर गबाळ्यासारखं कसं बसायचं?

थोरला राहायचा दुसऱ्या गावी. धाकट्याच्या गुडघ्यांनी प्रवास कधीच बंद करून टाकला होता. म्हणून रोज दहाला फोन, दोघांकडे एकेक पट, आणि एक डाव. डाव चालू असताना चालीखेरीज एक शब्द बोलायचा नाही, हा वडिलांचा नियम. वडील जाऊन पंचवीस वर्षं झाली, नियम अजून ठणठणीत होता. तासभर फोन चालायचा आणि त्यात पाच मिनिटांचंही बोलणं नसायचं. डाव संपला की वहिनी फोन घ्यायची. "भावोजी, दमलेत ते. उद्या करा हं."

गेल्या महिन्यात वहिनीचा सूर जरा वेगळा होता. "भावोजी, परवा यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. नावं विसरतात हल्ली."

"नावं मीही विसरतो, वहिनी," धाकटा हसण्यावारी नेत म्हणाला होता. पण फोन ठेवल्यावर तो हिशेब करत बसला. आई गेली, वडील गेले, बायको गेली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याला धाकटा म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते माणूस विसरलं तर तो धाकटा तरी कुणाचा?

त्यावर थोरल्यानेच उतारा दिला. गेले आठ दिवस तो रोज एकच डाव मांडत होता.

"उंटापुढचं प्यादं, दोन घरं," थोरला आजही म्हणाला.

हाच तो गॅम्बिट. एक प्यादं फुकट पुढे टाकायचं, समोरच्याने ते मारलं की त्याची घडी विस्कटते, मग सावकाश त्याच्या राजाचा गळा धरायचा. थोरल्याचं हे जुनं हत्यार. या सापळ्यात धाकटा लहानपणापासून किती वेळा अडकला असेल, मोजदाद नाही. म्हणून तर तो खूश होता. चष्मा फ्रिजमध्ये जाईना का! रोज असा सापळा लावणारं डोकं जाग्यावरच असणार.

आणि या वेळी आपणही अडकायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. नोकरीत तीस वर्षं त्याने लिफ्ट तपासल्या होत्या. आठ दिवस तो नुसतं बचावाचं खेळला, प्याद्याला हात लावला नाही. दरम्यान वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली. लिफ्टचे दोर तपासावेत तशी एकेक चाल तपासली आणि वहीत टिपली. गॅम्बिटवरचा उतारा सापडला: देऊ केलेल्या प्याद्याकडे बघायचंच नाही, उलट आपलंच एक प्यादं पुढे ढकलून त्यालाच कोड्यात टाकायचं. थोरल्याने आयुष्यात कधी शाबास म्हटलं नव्हतं. आज म्हणायला लावायचं.

"वजिरापुढचं प्यादं, दोन घरं," धाकटा म्हणाला. आवाजातला रुबाब त्याला लपवता आला नाही.

 चाल सांगायचं सोडून, वडिलांचा नियम मोडून थोरला बोलला.

"छान खेळता हो तुम्ही. अभ्यास दिसतोय."

धाकटा हसला. थोरला टोमणा मारतोय, असंच त्याला वाटलं.

"पण राग मानू नका," थोरला पुढे म्हणाला, "ते प्यादं मी तुमच्यासाठी टाकत नाही."

"मग कुणासाठी?"

"मला एक धाकटा भाऊ आहे. एक नंबरचा हावरट. फुकटचं प्यादं दिसलं की त्याचा हात राहत नाही. साठ वर्षं हरतोय, तरी मारतोच. आमची ही रोज सांगते, फोनवर तोच असतो म्हणून. मला आता आवाज ओळखू येत नाहीत. कुणाला सांगायची लाज वाटते. म्हणून रोज प्यादं टाकून बघतो. जो मारेल तो माझा भाऊ." तो जरा थांबला. "नऊ दिवस झाले. तो काही येत नाही."

धाकट्याने उघड्या वहीकडे पाहिलं. नऊ दिवस तो या माणसाच्या दारात उभा होता आणि स्वतःच्या हाताने कडी लावून घेत होता. त्याला रडू फुटलं. फोनवर हात ठेवून त्याने ते आवरलं.

"एक चाल मागे घेऊ का?" त्याने विचारलं.

"घ्या की. घरचाच तर डाव आहे."

धाकट्याने आपलं प्यादं परत जागेवर नेलं. पुढे काय होणार ते पुस्तकात पानं भरभरून लिहिलेलं होतं. त्याने पुस्तक मिटलं.

"मारलं तुझं प्यादं," तो म्हणाला.

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि थोरला ओरडला, "हावरटा! इतके दिवस होतास कुठे?"